बागेला स्वतंत्र पोलीस मिळू शकतात का?

शेवंती

नमस्कार मंडळी. आमच्या प्रभागात महापालिकेची साधारण तीन एकरांची बाग आहे. पुढे एकच फाटक, मागे नाला आणि पाच फुटी भिंत. रात्रपाळीला एकच सुरक्षारक्षक असतो. चंदनाची दोन झाडं कापून नेली, मागच्या भिंतीशी दारूच्या बैठका बसतात आणि संध्याकाळी मुलींच्या मागे टोळकी फिरतात. रक्षक म्हणतो पोलिसांना सांगा, चौकीत म्हणतात बाग महापालिकेची, त्यांना सांगा.

लंडनमध्ये उद्यानांसाठी वेगळे पोलीस असतात असं वाचलं. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ तशीच मागणी करायच्या विचारात आहे. कायद्यात ते बसतं का? बसत नसेल तर मागायचं काय आणि कोणाकडे? जाणकारांनी सांगावं.

जमादार

बसत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा राज्यसूचीतला विषय आहे. बागा आणि क्रीडांगणं बाराव्या अनुसूचीमुळे नगरपालिका-महापालिकांकडे येतात. म्हणजे हिरवळ पालिकेची आणि त्या हिरवळीवर घडणारा गुन्हा राज्याच्या पोलिसांचा. महापालिका रक्षक नेमू शकते, पोलीस नेमू शकत नाही. त्यामुळे ‘बाग महापालिकेची’ हे चौकीतलं उत्तर निव्वळ टोलवाटोलवी आहे. बाग ज्या ठाण्याच्या हद्दीत, गुन्हा त्या ठाण्याचा.

लंडनची गोष्ट वेगळी. तिथे १९६७ च्या एका कायद्याने बरो कौन्सिलना (लंडनच्या विभागवार पालिकांना) आपल्या बागांपुरते कॉन्स्टेबल नेमता येतात. त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर शपथ दिली जाते, पण अधिकार मुख्यतः त्या मोकळ्या जागांचे कायदे आणि उपविधी पाळले जावेत एवढ्यापुरते. वॉन्ड्सवर्थ बरोच्या उद्यान पोलिसांचा उगम तोच. हॅम्पस्टेड हीथवर लंडन शहराच्या कॉर्पोरेशनचं असंच छोटं दल आहे. हाइड पार्कसारख्या राजघराण्याच्या उद्यानांचं वेगळं पोलीस दल होतं, पण त्याचं काम २००४ मध्ये महानगर पोलिसांकडे गेलं. काही बरोंनीही आपली दलं बंद केली. पंधरा-वीस माणसांसाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी कोठडीची सोय आणि वेगळी तक्रार यंत्रणा उभी करणं परवडत नाही.

तेव्हा संघाने वेगळ्या दलाच्या मागणीत वर्ष घालवू नये. आपल्याकडे अतिक्रमणविरोधी कारवाईसाठी काही महापालिका स्वतःच्या खर्चाने पोलीस बंदोबस्त घेतात. नागपूरने २०१७ पासून माजी सैनिकांचं उपद्रव शोध पथक उभं केलं, ते कचरा आणि राडारोड्यासाठी दंड करतं. उद्यानांसाठी मागायचं तर या धर्तीचं काहीतरी मागा, त्याला निदान पूर्वीचं उदाहरण दाखवता येतं.

पंचनामा

जमादारांशी सहमत. रक्षकाच्या अधिकारांबद्दल थोडं लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

महापालिकेचा रक्षक कायम कर्मचारी असो, सुरक्षा रक्षक मंडळाचा असो की ठेकेदाराचा, अटकेच्या बाबतीत तो तुमच्या-आमच्यासारखाच नागरिक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा), दोन्ही असलेला गुन्हा घडला तर तो माणसाला धरू शकतो. धरल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मुदत संपण्याची वाट पाहायची नाही, धरताक्षणी ११२ ला फोन.

चंदनचोर झाड कापताना सापडला तर हे लागू होतं. बाकावर बसलेल्या जोडप्याला लागू होत नाही. नुसतं शेजारी बसणं गुन्हा नाहीच, आणि सार्वजनिक जागी अश्लील कृत्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २९६ जामीनपात्र आहे. रक्षकाने त्यांना कोंडणं, फोन काढून घेणं, घरच्यांना बोलावण्याची धमकी देणं हे सगळं बेकायदा. मुलींचा पाठलाग हा कलम ७८ चा गुन्हा. तो दखलपात्र, पण पहिल्या वेळी जामीनपात्र. म्हणजे तिथेही रक्षकाने झटापट करायची नाही. मुलीला केबिनपाशी आणायचं, गाडीचा नंबर टिपायचा, ११२ लावायचा. पुण्यात दामिनी पथक आणि मुंबईत निर्भया पथक याच कामासाठी आहे.

दारूचं म्हणाल तर दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ खाली नशेत गोंधळ घालणाऱ्यावर कारवाई होते. पण त्यासाठी माणसाला वैद्यकीय तपासणीला न्यावं लागतं. बीट मार्शल (मोटारसायकलवरून गस्त घालणारे पोलीस) दोघे असतात, एका बैठकीसाठी त्यांचे दोन-तीन तास जातात. म्हणून ते हुसकावून लावतात आणि बैठक अर्ध्या तासाने परत भरते. यावर अटकेपेक्षा उजेड जास्त चालतो.

अवांतर: रक्षकांना पोलिसांसारखा खाकी गणवेश द्या अशी मागणी कोणी करत असेल तर थांबवा. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात तो गुन्हा आहे.

रानवाट

चंदनाबद्दल सविस्तर लिहिते. ही चोरी अचानक होत नाही.

आधी टेहळणी होते. झाडाला गिरमिटाने बारीक भोक पाडून भुसा पाहतात. पांढरा निघाला तर गाभा धरलेला नाही, पिवळा-तपकिरी आणि वासाचा निघाला तर झाड ‘तयार’. मग भोक चिखलाने किंवा मेणाने बुजवतात. त्यामुळे महिन्यातून दोनदा प्रत्येक चंदनाचा बुंधा जमिनीपासून छातीपर्यंत हाताने चाचपून पाहायचा. पेन्सिलीएवढं भोक किंवा ताजा चिखल दिसला की झाडावर नजर आहे असं समजा आणि त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा.

कापणी बहुधा मध्यरात्रीनंतर. बॅटरीवरची करवत असेल तर आवाज फार होत नाही, मध्यम झाड काही मिनिटांत आडवं. फांद्या टाकून देतात, खोड तासून हलकं करतात आणि भिंतीवरून पलीकडे. मुळातही सुगंधी गाभा असतो, म्हणून बरेचदा खुंटासाठी परत येतात.

इथे बागेचेच लोक घोळ घालतात. सकाळी माळी येतो, ‘घाण’ दिसते म्हणून फांद्या-भुसा झाडून टाकतो. पंचनाम्याला मग उरतं काय? खुंट, भुसा, भिंतीवरचे पायाचे ठसे यांना हात लावायचा नाही. दोरी बांधायची, खुंटाचा घेर मोजपट्टी ठेवून फोटोत घ्यायचा, वृक्षगणनेतला झाडाचा क्रमांक लिहायचा. फिर्याद कोणीही देऊ शकतं, पण मालकी आणि किंमत उद्यान विभागालाच सांगावी लागते. म्हणून उद्यान निरीक्षकाला सोबत न्या. फिर्यादीत ‘महापालिकेच्या मालकीचे झाड’ हे शब्द हवेतच. साध्या चोरीला न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्थानिक संस्थेच्या मालमत्तेची चोरी कलम ३०५ मध्ये जाते, तिथे सात वर्षांपर्यंत. ‘अज्ञात इसमाने झाड तोडले’ एवढंच लिहिलं की प्रकरण फक्त वृक्षतोडीचं होऊन बसतं.

संरक्षणासाठी लोखंडी जाळी लावा: सात फूट उंच, बुंध्यापासून किमान अर्धा फूट लांब. काँक्रीट फक्त खांबांपुरतं. बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधू नका. चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्न-पाणी घेतं, ती मुळं गुदमरली की झाड चोराआधी तुम्हीच मारता.

शेवंती

फारच उपयोगी. कॅमेरे आहेत, पण दोन्ही चोऱ्यांत काही मिळालं नाही. आणि अर्ज नेमका कसा करायचा?

जमादार

कॅमेरे फाटकाकडे तोंड करून असतील. चोर नाल्याकडून येतो. एक कॅमेरा मागच्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यातून भिंतीच्या लांबीने पाहणारा हवा. रात्रीची नजर साधारण २०-३० मीटरच्या पुढे कामाची नसते, त्यामुळे लांब भिंतीला दोन. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसून त्यावर नवं लिहिलं जातं, म्हणून घटनेच्या दिवशीच प्रत काढायची. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते यंत्रणा सांभाळणाऱ्याकडून आधीच ठरवून ठेवा, नाहीतर कोर्टात चित्रण लटकतं. दिवेही तपासा. बाग बंद झाली की टायमरने सगळे दिवे जातात, असं बऱ्याच ठिकाणी आहे. मागच्या भिंतीच्या दिव्यांचं सर्किट वेगळं करून घ्या.

अर्ज दोन करा, एकच सगळीकडे पाठवू नका. क्षेत्रीय कार्यालयाकडे फक्त त्यांच्या हातातलं मागा: दिवे, भिंतीची उंची, रात्री दुसरा रक्षक, जाळ्या. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांकडे गस्तीचं मागा. ‘गस्त वाढवावी’ लिहिलंत तर ‘वाढवली आहे’ असं उत्तर येईल. त्याऐवजी तीन आठवड्यांचा तक्ता जोडा: वार, वेळ, बागेतली जागा, प्रकार. त्यावरून ‘शुक्रवार-शनिवार रात्री साडेदहा ते साडेबारा’ असं नेमकं मागता येतं. गस्तीच्या नोंदीचं पुस्तक किंवा क्यूआर कोड मागच्या भिंतीशी लावायला सांगा. फाटकावर लावला तर मार्शल मोटारसायकलवरूनच नोंद करून पुढे जातात.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार लेखी माहिती टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, पोचपावतीसह.

रानवाट

एक भर. बाग टेकडीला लागून असेल तर सातबारा आधी पाहा. टेकडीचा तुकडा वन विभागाचा निघाला तर तिथे वनरक्षकाला वन अधिनियमाखाली वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार आहे, आणि तक्रार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडेही द्यावी लागते.