बिग बिल ब्रून्झी यांच्या १९५५ च्या लंडन ध्वनिमुद्रणातील साथीविषयी

प्रश्न – तबकडीवेडा

बिग बिल ब्रून्झी हे मला आजवर एकट्याने गिटार घेऊन ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची लोकगीते, गाणारे गायक म्हणूनच परिचित होते. परवा त्यांचे ऑक्टोबर १९५५ मध्ये लंडन येथे निक्सा या तबकडी कंपनीसाठी झालेले ध्वनिमुद्रण ऐकले, तर त्यात ट्रंपेट, तीन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स असा भरगच्च ताफा निघाला, आणि वाजवणारे सगळे इंग्लंडमधील जॅझ वादक. ब्लूजच्या कडव्यात प्रत्येक ओळीनंतर जी जागा उरते, ती ब्रून्झी एरवी गिटारने भरतात; येथे मात्र ती जागा सॅक्सोफोनांनी घेतलेली आहे. ही साथ निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी त्यांच्या गळ्यात मारली असेल का? आणि अमेरिकन गायकाला अमेरिकन साथीदार का मिळू नयेत?

प्रतिसाद – कोपऱ्यातला श्रोता

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगीतात नसून सरकारी परवान्यात आहे. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे तेथील कामगार मंत्रालयाने १९३५ पासून अमेरिकन वाद्यवृंदांना जवळजवळ दारच बंद केले होते, आणि दोन्ही देशांतील वाद्यवृंदांच्या अदलाबदलीची तडजोड होऊन ते दार १९५६ मध्ये उघडले. गायकांची गणना मात्र रंगमंचीय मनोरंजन करणाऱ्या कलावंतांत होत असे, त्यामुळे ब्रून्झी १९५१ पासूनच तेथे येऊ शकले. गिटार हातात असली तरी कागदोपत्री ते गायकच! अशा वेळी साथीदार हवे असतील, तर ते स्थानिकच घ्यावे लागत.

एक दुरुस्ती सुचवतो. ‘इंग्लंडमधील वादक’ हे वर्णन या ताफ्याला तितकेसे लागू पडत नाही, कारण ट्रंपेटवर असलेले लेस्ली हचिन्सन जमैकाचे, बासवर असलेले जॅक फॅलन कॅनडाचे आणि पियानोवर असलेले डिल जोन्स वेल्सचे होते.

प्रतिसाद – बारा मात्रा

गळ्यात मारली, असे मला वाटत नाही. उलट एकट्याने गाणारा खेडवळ गायक ही प्रतिमाच त्यांना बाहेरून मिळालेली होती. ब्रून्झी १९२० च्या सुमारास शिकागोला आले आणि १९३० च्या दशकात पियानो, बास व ड्रम्स यांच्या साथीने, पुष्कळदा ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन घेऊन, त्यांनी शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केली. जोशुआ अल्थायमर यांचा पियानो ज्यांनी त्या तबकड्यांवर ऐकला असेल, त्यांना १९५५ चा ताफा परका वाटणार नाही. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांना श्रोत्यांपुढे उभे केले ते मात्र आर्कान्सॉचा शेतकरी म्हणून, आणि तेव्हा ते शिकागोतील नावाजलेले शहरी गायक होते. युरोपातील श्रोत्यांनाही तोच शेतकरी हवा होता, व ब्रून्झींनी तो त्यांना आनंदाने दिला.

माझी तक्रार आहे ती वादकांच्या वळणाविषयी. टेनर सॅक्सोफोन वाजवणारे केनी ग्रॅहम आणि ड्रम्सवरील फिल सीमन हे आधुनिक जॅझमधले. त्यांचे वादन स्वच्छ आहे, पण ओळ संपताक्षणी इतकी नेटकी उत्तरे येतात की गायकाला रेंगाळायला सवडच राहत नाही.

तबकडीवेडा

मनापासून आभार. त्यांच्या शिकागोच्या तबकड्या मी ऐकलेल्याच नव्हत्या, त्यामुळे मूळ रूप कोणते याचा माझा हिशेबच उलटा झाला होता. परंतु आपण म्हणता ती ‘सवड’ साथीदारांमुळे नेमकी कशी जाते, हे उमगले नाही.

प्रतिसाद – बारा मात्रा

ब्लूजचे कडवे सामान्यतः बारा बारचे असते (बार म्हणजे ठेक्याचा एक, बहुधा चार मात्रांचा, गट): पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि मग तिसरी, उत्तराची ओळ, प्रत्येकीला चार बार. गायक साधारण दोन बार गातो व उरलेले दोन वाद्याकडे जातात. जॉन ली हूकर यांच्यासारखा एकट्याने गाणारा मनात येईल तेव्हा अर्धा बार वाढवतो किंवा खातो, कारण समेवर त्याची वाट पाहणारे कोणी नसते. तीन सॅक्सोफोन एकत्र वाजायचे तर बार मोजूनच घ्यावे लागतात. ब्रून्झींना ताफ्यात गाण्याची जुनी सवय असल्यामुळे त्यांचा हिशेब कोठेही चुकत नाही, एवढेच.

प्रतिसाद – कोपऱ्यातला श्रोता

अमेरिकन ब्लूज गायकांना ब्रिटिश साथ मिळण्याची पुढची पायरी ऐकायची असेल, तर इंग्लिश ट्रॉम्बोनवादक ख्रिस बार्बर यांच्याकडे वळावे. त्यांनी अमेरिकेतून १९५७ मध्ये गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांना, १९५८ च्या वसंतात सॉनी टेरी व ब्राउनी मॅगी या ब्लूज गायकांच्या जोडीला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांना बोलावले. टेरी आणि मॅगी यांची बार्बर यांच्या ताफ्यासह तबकडीही निघाली. मडी विजेची गिटार घेऊन आले, तेव्हा ब्रून्झींच्या मवाळ गिटारला सरावलेले कित्येक श्रोते तिच्या आवाजानेच बिचकले. स्वतः ब्रून्झी त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट १९५८ मध्ये, शिकागो येथे वारले होते.

आणि फिल सीमन यांच्यावर इतक्यात फुली मारू नये. अमेरिकन ब्लूज गायक जिमी विदरस्पून यांचे १९६६ मधील ध्वनिमुद्रण टेनर वादक डिक मॉरिसी यांच्या चौकडीबरोबर आहे, आणि ड्रम्सवर तेच सीमन आहेत. तेथे विदरस्पून ओळ हवी तितकी लांबवतात, आणि सीमन थांबतात.