कॅसिनोतलं संगीत संथ केलं तर खेळणारा कमी हरेल का?

टिपणवही (धागा)
कॅसिनोतलं पार्श्वसंगीत ही सजावट नव्हे. २००७ साली ब्रिटनमध्ये डिक्सन, ट्रिग आणि ग्रिफिथ्स यांनी ६० जणांना संगणकावर रूलेट, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ, खेळायला दिलं: काहींना संगीताशिवाय, काहींना संथ लयीत, काहींना द्रुत. द्रुत लयीत लोक भराभर पैसे लावत गेले. हिशेब बघा. युरोपियन रूलेटच्या चाकावर ३७ घरं, कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. १०० रुपये तासाला ६० वेळा लावले तर सरासरी १६२ रुपये जातात, ९० वेळा लावले तर २४३. म्हणून लयीवर मर्यादा हवी.

तिसरी घंटा
निष्कर्ष अर्धाच सांगितलात. त्याच प्रयोगात दर वेळी लावलेली रक्कम लयीने बदलली नाही, एकूण खर्चही नाही. आणि खऱ्या टेबलावर वेग डीलरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात असतो. गोळी थांबायची, हरलेल्या चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) ओढायच्या, जिंकलेल्यांना मोजून द्यायच्या, मग पुढचा डाव. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांवरच्या टेबलांनाही हेच लागू. तिथे लय बदलून काय साधणार?

टिपणवही
टेबलापुरतं मान्य. पण बटण दाबून चित्रं जुळवायच्या स्लॉट मशीनला डीलर नसतो, बटण खेळणाऱ्याच्याच बोटाखाली असतं.

गजर
तुम्ही दोघंही लयीत अडकलात. घात जिंकल्याच्या ट्यूनमध्ये आहे. स्लॉटवर चित्रं जुळायच्या २० लाइन, प्रत्येकीवर १ रुपया, म्हणजे लावले २०. एका लाइनवर ६ परत आले. गेले १४. तरी ट्यून वाजते, दिवे लुकलुकतात, आकडा टकटक करत ६ पर्यंत चढतो आणि हरलेला डाव जिंकल्यासारखा लक्षात राहतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात आवाज चालू असताना लोकांनी आपण किती वेळा जिंकलो याचा अंदाज २४ टक्के फुगवून सांगितला, आवाज बंद असताना १५ टक्के. ब्रिटनने ऑनलाइन स्लॉटवर ३१ ऑक्टोबर २०२१ पासून याला बंदी घातली: परतावा लावलेल्या रकमेइतका किंवा कमी असेल तर जल्लोषाचा आवाज नाही, चित्रंही नाहीत.

तिसरी घंटा
आवाज बंद करूनही १५ टक्के उरतातच ना? मग जोर वेगावर द्या. त्याच नियमांत एका डावाला किमान २.५ सेकंद ठरवलेत, म्हणजे तासाला १,४४० डाव होऊ शकतात. ५ सेकंद केले तर ७२०. माणसाला थांबून विचार करायला वेळ तिथे मिळतो.

गजर
५ सेकंद कराच, माझा विरोध नाही. पण १५ उरतात म्हणून वरचे ९ का सोडायचे? ते मशीनच्या प्रोग्रॅममधल्या एका अटीत सुटतात. ‘परतावा शून्याहून जास्त’ असेल तर ट्यून वाजव, अशी अट असेल तर ती ‘परतावा लावलेल्या रकमेहून जास्त’ अशी करायची. आकडा चढवणारं अ‍ॅनिमेशनही त्याच अटीला बांधायचं, नाहीतर ट्यून गप्प आणि टकटक चालूच. तपासताना २० रुपये लावून १९, २० आणि २१ परत येणारे तीन डाव मुद्दाम चालवा. चूक बहुतेक २० वर सापडते, कारण ‘जास्त’च्या जागी ‘जास्त किंवा बरोबर’ लिहिलेलं असतं.