'इन अ हार्टबीट' : गोड आहे, पण खरा आहे का?

उंबरझाड : चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, 2017 ची. फ्लोरिडातल्या रिंगलिंग कॉलेजात शिकणाऱ्या एस्तेबान ब्रावो आणि बेथ डेव्हिड यांनी केलेली. संवाद एकही नाही. शेरविन या पोराला जोनाथन हा पोरगा आवडतो. तो लपून बघत असताना त्याचं काळीजच छातीतून उडी मारतं आणि त्या पोरामागे धावत सुटतं. शाळेत सगळी पोरं रोखून बघतात, ओढाताणीत काळजाचे दोन तुकडे होतात. इथवर मी गप्प होतो. मग जोनाथन राहिलेला तुकडा घेऊन येतो, आणि झालं गोड!

माझं इथंच बिनसलं. आमच्या वर्गात एकाला 'बायल्या' म्हणायचे. डबा खायला त्याच्याशेजारी कुणी बसायचं नाही. मीही नाही. त्याचा तुकडा कुणी आणून दिला नाही. आवडत्या पोराने होकार दिला की स्वतःला स्वीकारलं, असं असतं का?

खाष्ट_आत्या : मुलगा-मुलगीच्या सिनेमात शेवट गोड झाला की कुणी 'हे खरं का' विचारत नाही. इथंच बरा पुरावा लागतो! ही फिल्म करणाऱ्या दोघांच्याही डोक्यात आधी मुलगा-मुलगीचीच गोष्ट होती. तशी केली असती तर व्हरांड्यातल्या त्या नजरांना काही अर्थच उरला नसता. आणि बारा वर्षांच्या पोराला चार मिनिटं बरं वाटलं तर तुमचं काय जातं?

उंबरझाड : माझं काही जात नाही. पण त्या नजरा सेकंदांत आटोपतात नि मिठास रेंगाळते.

पाटीपेन्सिल : उंबरझाडशी सहमत. 'ट्रेव्हर' ही शॉर्टफिल्म बघा, 1994 ची. गायिका डायना रॉसचा वेडा तेरा वर्षांचा पोरगा, आणि तोंड फिरवणारे मित्र. पोरगा जीव द्यायला निघतो. 1995 मध्ये ऑस्कर विभागून मिळालं. 1998 मध्ये ती टीव्हीवर दाखवायची ठरली तेव्हा करणाऱ्यांना वाटलं, बघणाऱ्या पोरांनाही जीव द्यावासा वाटला तर त्यांनी फोन कुठे करायचा? त्यातून हेल्पलाइन उभी राहिली. गोडव्यातून हे सुचलं नसतं.

खाष्ट_आत्या : 'ट्रेव्हर' हसवतेसुद्धा, तेवढं सोयीने गाळलंत. आणि ती सहावीच्या वर्गात दाखवून बघा, पालकांचे फोन येतील ते वेगळेच.

खडू_डस्टर : मी आठवीला दाखवली, 'हार्टबीट'च. आधी फिदीफिदी, मग शांतता. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, ती बघणारी पोरं शेवटी कुठं गेली?"

उंबरझाड : काय सांगितलंत?

खडू_डस्टर : काही नाही. बेल झाली, सुटलो.