मॅन्डोलिन कानाला ओळखीचे, मग डोळ्यांना अनोळखी का?

सागरतीर_वेंगुर्ले यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. मी हौस म्हणून मॅन्डोलिन वाजवतो. चतुर्थीच्या दिवसांत आमच्या वाडीत घरोघरी भजने होतात, त्यांत कधीमधी हे वाद्य घेऊन बसतो. पिशवीतून ते बाहेर काढले की तरुण मुले त्याला युकुलेले म्हणतात, कुणी लहान मुलांची गिटार म्हणतात आणि वडीलधारी मंडळी "बेंजोच मा ह्यो?" असे विचारून मोकळी होतात. मात्र 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटातली, नायकाच्या हातातल्या मॅन्डोलिनची ती धून छेडली, की अर्धे माजघर गुणगुणू लागते. त्यातल्या एखाद्याला "हा आवाज कशाचा?" असे विचारावे, तर उत्तर येते, "गिटारचा."

आठ तारा आहेत, त्या जोडीजोडीने लावलेल्या आहेत, पोट लहानसे आणि गळा आखूड आहे. गिटारशी गल्लत व्हावी असे यात फारसे काही नाही. तरीही जे वाद्य लोकांनी आयुष्यभर ऐकले, ते समोर आल्यावर ओळखता का येऊ नये, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे: आपल्याकडच्या भजनात या वाद्याला खरोखर जागा आहे का, की मी उगाच पेटीवाल्याच्या कामात लुडबुड करतो आहे?

पेटीमास्तर_कुडाळ यांचा प्रतिसाद:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी सरळ दिसते. आपल्या लोकांना मॅन्डोलिन भेटले ते रेडिओतून, म्हणजे ज्या ठिकाणी वाजवणाऱ्याचा हात दिसण्याची सोयच नव्हती अशा ठिकाणी. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत दोन कडव्यांच्या मध्ये जे वाद्यांचे तुकडे येतात, त्यांत मॅन्डोलिनचा वापर भरपूर झाला, पण पडद्यावर त्या वेळी नायिका झाडाआड पळत असे किंवा नायक पियानोवर बोटे फिरवत असे. ज्याने तो तुकडा वाजवला, तो स्टुडिओतल्या कोपऱ्यात बसलेला असे आणि तबकडीवर त्याचे नावही नसे.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत हे मुळात मॅन्डोलिनवादक. त्यांचे पूर्ण नाव लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, आणि हे आडनाव वाचून आमच्या कुडाळात कुणाची छाती फुगली नाही असे व्हायचे नाही. पण त्यांनी कोणते वाद्य वाजवले, हे बाजारपेठेत विचारून पाहा, दहांतले नऊ जण पेटी म्हणतील. सज्जाद हुसेन यांचे तर याहून विलक्षण. संगीतकार म्हणून त्यांनी मोजकेच चित्रपट केले, 'संगदिल' (१९५२) आणि 'रुस्तम सोहराब' (१९६३) ही त्यांतली ठळक नावे. पण मॅन्डोलिनवर राग मांडण्याची त्यांची ताकद जाणकारांनी एकमुखाने मान्य केली. ते वारले जुलै १९९५ मध्ये आणि आपण उल्लेख केलेला चित्रपट लागला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. या वाद्यावर आयुष्य वेचलेला माणूस गेला आणि तीनच महिन्यांत ते देशभर एका नटाच्या खांद्यावर दिसू लागले. यावर काय बोलावे ते मला सुचत नाही.

आपल्याकडे लोक वाद्य ओळखतात ते देवळाच्या मंडपात. पखवाजाच्या डाव्या पुडीला भजनापूर्वी ओली कणीक थापतात, ती कितपत घट्ट हवी यावर लहान पोरेसुद्धा मत देतात, कारण त्यांनी ती मळताना, थापताना आणि भजन संपल्यावर खरवडून काढताना पाहिलेली असते. मॅन्डोलिनची तार चढवताना किती जणांनी पाहिले आहे?

तारदुरुस्ती_रत्नागिरी यांचा प्रतिसाद:

मास्तरांचे म्हणणे मान्य आहे, पण बेंजोचा मुद्दा त्यांनी वाऱ्यावर सोडला आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तंतुवाद्यांत गिटारच्या खालोखाल बेंजोच असतात. मिरवणुकीच्या बेंजो पार्टीत जे वाद्य वाजते, ते म्हणजे वीजजोड दिलेले बुलबुल तरंग. अमेरिकेतला बँजो, ज्याच्या पोटावर ढोलकीसारखे कातडे ताणलेले असते, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. बुलबुल तरंगाचे मूळ जपानमध्ये १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. त्यात तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवलेली असतात. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या नखीने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने, सगळ्या तारांवर झटका द्यायचा. बटणांची मांडणी पेटीच्या पट्ट्यांसारखी असल्यामुळे ज्याला पेटीवर आरती काढता येते, त्याला हे वाद्य लवकर जमते. बोटांच्या टोकांना घट्टे पडत नाहीत आणि सूर चुकीच्या जागी दाबला जाण्याची भीती नाही.

मॅन्डोलिनचे तसे नाही. गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, बरोबर मागे दोन तारा एकाच बोटाने एकदम दाबाव्या लागतात, त्या पोलादी असतात आणि तारेची मोकळी लांबी जेमतेम पस्तीस सेंटिमीटर असल्यामुळे पडदे वर जाता जाता इतके जवळ येतात की जाड बोटांच्या माणसाची तारांबळ उडते. शिवाय आखूड तारेचा नाद झटकन विझतो. तो टिकवायचा तर नखी सतत वर-खाली चालवावी लागते. आपण सर्वांनी जो थरथरता, झिरमिरता आवाज ओळखीचा मानला आहे, तो या सततच्या आघातातून निघतो आणि जोडीतल्या दोन तारा केसभर वेगळ्या कंपल्या की त्याला आणखी झळाळी येते. हे मनगट तयार व्हायला महिनोन्‌महिने जातात. ढोल-ताशाच्या गर्दीत चालता चालता वाजवायला कोण हे शिकत बसेल? बेंजोने ती जागा घेतली ती रास्तच घेतली. मात्र त्यामुळे झाले असे, की तारा छेडून सूर काढणारे, मांडीएवढे कुठलेही वाद्य दिसले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बेंजोच येतो.

जाता जाता खाऱ्या हवेबद्दल एक सूचना. किनाऱ्यावर पोलादी तार लवकर गंजते. जोडीतली एक तार गंजली की नव्या-जुन्या तारेचा सूर पडद्यागणिक वेगळा पडतो, म्हणून एक तुटली तरी दोन्ही बदलाव्यात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा खालूनसुद्धा पुसाव्यात.

पलीकडचा_पेडणेकर यांचा प्रतिसाद:

तेरेखोलच्या अलीकडून थोडी भर घालतो. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. मॅन्डोलिनच्या चार जोड्या व्हायोलिनच्या चार तारांच्याच सुरांत मिळवतात. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपासून सा ते प एवढ्या अंतरावर. त्यामुळे व्हायोलिनवर फिरलेली बोटे मॅन्डोलिनवर आपोआप चालतात, गज सोडून नखी धरली की झाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला स्वरलिपी वाचणारे वादक आणि वाद्यमेळ रचणारे जाणकार हवे होते आणि गोव्याहून ते मोठ्या संख्येने गेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली सर्वज्ञात नावे. प्यारेलाल हे व्हायोलिन गोन्साल्विस यांच्याकडेच शिकले. म्हणजे लक्ष्मीकांत यांचे मॅन्डोलिन आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिन ही एकाच बोटांच्या दोन वाद्यांची जोडी होती, असे म्हणायला हरकत नाही.

दक्षिणेकडेही पाहावे. आंध्रातल्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास (१९६९ ते २०१४) लहान वयातच कर्नाटक संगीताच्या मैफली मॅन्डोलिनवर करू लागले. पाश्चात्त्य वाद्य म्हणून सुरुवातीला नाके मुरडली गेली. पुढे १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि तिकडे 'मॅन्डोलिन श्रीनिवास' हेच त्यांचे नाव होऊन बसले. तमिळ वा तेलुगू श्रोत्याला हे वाद्य ओळखू येते, कारण त्याने एक माणूस ते मांडीवर घेऊन व्यासपीठाच्या मधोमध बसलेला पाहिला. सिनेमाचे तुकडे कितीही गोड असले तरी ते काम करू शकत नाहीत.

दापोलीचा_श्रोता यांचा प्रतिसाद:

मला या चर्चेतला खेदाचा सूर पटत नाही. वाद्य ओळखता न येणे हा काही लोकांचा दोष नव्हे. व्हायोला आणि व्हायोलिन शेजारी ठेवले, तर आपल्यापैकी कितींना फरक सांगता येईल? ज्या वाद्याचे आपल्या रोजच्या व्यवहारात काम आहे, ते लोक ओळखतात; ज्याचे नाही, ते ओळखत नाहीत.

पेटीचेच उदाहरण घ्या. तीही युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले होते; तिच्या ठरलेल्या सुरांवर श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, लागत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, घेता येत नाही, असे आक्षेप होते आणि ते खोटेही नव्हते. तरी कोकणात पेटी अनोळखी झाली का? दशावतारात तिच्यावाचून पात्र रंगमंचावर येत नाही, भजनात बुवा स्वतः ती पुढ्यात घेऊन बसतात आणि नाट्यसंगीत तर तिच्याच आधाराने वाढले. तीन दशके रेडिओवर बंदी असलेले वाद्य लोकांच्या ओळखीचे राहिले आणि रेडिओवर तेवढाच काळ वाजत असलेले वाद्य अनोळखी राहिले, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मॅन्डोलिनने आपल्याकडे कुणाच्या गाण्याला आधार दिला नाही. ते गाण्याच्या मध्ये येऊन शोभा करून गेले. आपल्याला ओळख हवी असेल, तर धून वाजवून टाळ्या घेणे थांबवावे आणि बुवांच्या मागे बसून साथ करावी. हे कडू वाटेल, पण आपण स्वतःच "धून छेडली" असे लिहिले आहे.

सागरतीर_वेंगुर्ले:

सर्वांचे आभार. दापोलीकरांचा टोला लागला, आणि तो योग्य जागी लागला. मात्र साथ करायची म्हटले की माझी अडचण वेगळीच होते. आमचे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात. त्या पट्टीत मॅन्डोलिनच्या मोकळ्या तारा काहीच कामाच्या राहत नाहीत, प्रत्येक सूर दाबूनच काढावा लागतो आणि हात आखडतो. अभंगात ते सुरावरून सुरावर सरकत जातात, तिथे तर मी केवळ टिकटिक करत राहतो. यावर काही तोडगा आहे का?

तारदुरुस्ती_रत्नागिरी:

मींडीचे आधी सांगतो. दोन तारा एकदम ताणल्या की त्या सारख्याच सरकतील याची खात्री नसते, म्हणून जोडीच्या तारांवर मींड बेसूर होण्याचा धोका असतो. श्रीनिवास यांनी जोड्या काढून टाकून पाच सुट्या तारांचे, वीजजोड दिलेले वाद्य वापरले, ते यासाठीच. सज्जाद यांनी जोडीच्या तारांवरच मींड साधली, पण तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा हात होता. आपण भजनापुरते मींडीच्या मागे लागू नये. बुवा सरकत जातील तिथे सा आणि प यांच्यावर नखी हलकी चालू ठेवावी, गजर सुरू झाला की पूर्ण चाल वाजवावी. पखवाज आणि टाळ एकदा तापले की तुमची टिकटिकच तालात भर घालील.

पट्टीचा उपाय सोपा आहे. नेहमीच्या मिळवणीत आपल्या जोड्या पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन या सुरांत असतात. काळी एकला सा धरला, तर यांतला एकही सूर शुद्ध स्वरांच्या सप्तकात बसत नाही, म्हणून आपला हात आखडतो. चारही जोड्या अर्धा सूर खाली उतरवा. मग त्या अनुक्रमे काळी तीन, काळी एक, काळी चार आणि काळी दोन अशा लागतील. म्हणजे बुवांच्या पट्टीत म, सा, प, रे. सा आणि प मोकळ्या तारांवर मिळाल्यामुळे साथ करताना डावा हात बराच मोकळा राहतो, आणि तारांचा ताण थोडा कमी झाल्याने त्या बोटालाही मऊ लागतात. उतरवलेल्या तारा पहिल्या दिवशी सूर सोडतात, तेव्हा हे काम भजनाच्या आदल्या दिवशी करून ठेवावे आणि बसण्यापूर्वी बुवांच्या पेटीवरून पुन्हा एकदा मिळवून घ्यावे. पांढरी एकमध्ये गाणारे बुवा आले तर मात्र तारा पुन्हा चढवून नेहमीच्या जागी आणाव्या लागतील, एवढी तसदी आहे.