मदत हवी आहे: कॅन्सर आत्याकडचा, टेस्ट बाबांची, आणि बाबा ऐकत नाहीयेत

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचक होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी 34 ची, भांडुपला राहते. माझी आत्या 9 वर्षांपूर्वी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, तेव्हा ती 52 ची होती. आता तिच्या मुलीला म्हणजे माझ्या आतेबहिणीला 39 व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि जेनेटिक टेस्टमध्ये बीआरसीए-2 (या जीनमध्ये बिघाड असला की कॅन्सरचा धोका वाढतो) पॉझिटिव्ह आलं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की मामाकडच्यांना कळवा. मामाकडचे म्हणजे आम्ही.

बाबांना सांगितलं तर म्हणे, "अगं ते बायकांचं, मला काय करायचंय त्यात, तू आईला घेऊन जा." आईला! आईचा काय संबंध? बाबा 67 चे, बेस्टमधून रिटायर झालेले, रात्रीतून तीनदा लघवीला उठतात, डॉक्टरकडे जा म्हटलं की वयाचं आहे म्हणून सोडून देतात. दादा 38 चा, तो तर हसलाच. त्याला 6 वर्षांची मुलगी आहे.

आणि एक राग काढूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी मला गाठ लागली होती (साधी निघाली) तेव्हा एका दवाखान्यात फॉर्म भरून घेतला, त्यात आई, मावशी, आजी एवढंच होतं. आत्याला रकानाच नाही. लग्न झालं की आत्या परक्या घरची, आडनाव बदललं, मग हिस्टरीतूनही बाद!

तर विचारायचंय ते हे, की आधी टेस्ट कोणी करायची, बाबांनी की मी? बाबा नाहीच म्हणाले तर मी परस्पर केली तर चालेल का? आणि पुरुषांना खरंच काही होतं का, की मीच घाबरवतेय त्यांना?

*

चाळकरी_परळ: बाबांना मीही म्हणतो तेच सांगा, टेन्शन घेऊ नका. मुलगा आईवर, मुलगी बापावर जाते हे ठीक, पण पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर म्हणजे लाखात एखादा.

लाल_पेन: चाळकरी, असं बिनधास्त सांगू नका हो. सर्वसाधारण पुरुषात तो फार दुर्मिळ, हे बरोबर, पण बीआरसीए-2 मध्ये बिघाड असलेल्या पुरुषांत 80 वर्षांपर्यंत शंभरात साधारण 7 जणांना होतो. माझ्या काकांना निप्पलखाली कडक गाठ होती, वर्षभर मार लागलाय म्हणून तेल चोळत बसले. पुरुषाला होतो हे डोक्यातच नसतं, म्हणून उशीर होतो.

हळदीचा_चहा: मी जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये काम करते, सर्वसाधारण सांगते, तुमच्या केसचा निर्णय प्रत्यक्ष भेटीतच होईल.

हा जीन 13 नंबरच्या क्रोमोझोमवर असतो. मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या एक्स-वाय क्रोमोझोमशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे तो आईकडून जितका येतो तितकाच बापाकडून येतो, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला 50 टक्के शक्यता. फरक पुढे पडतो. बाईला हा बिघाड असेल तर 80 वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास आणि ओव्हरीची साधारण 17. पुरुषात ब्रेस्टची कमी, पण प्रोस्टेटची (मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी) बरीच वाढते आणि तो कमी वयात, जास्त आक्रमक असू शकतो. पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) धोका दोघांनाही. म्हणून बाप ठणठणीत राहतो, घरात कोणाला काही कळत नाही, आणि मुलीकडे मात्र तो पोचलेला असतो.

आतेबहिणीला हे आत्याकडूनच आलं असेल (ओव्हरीमुळे तसंच वाटतंय) तर बाबांना 50 टक्के आणि तुम्हा भावंडांना 25-25. म्हणून आधी बाबा. त्यांची निगेटिव्ह आली तर तुम्ही दोघं आणि ती पोर, सगळेच या बिघाडातून सुटलात. तुम्ही आधी केलीत तरी चालते, तो तुमचा हक्क आहे, पण तुमची पॉझिटिव्ह आली तर बाबांचीही आपोआप उघडी पडते, हे त्यांना आधी सांगून ठेवा. नंतर कळलं की माणसं जास्त दुखावतात.

आतेबहिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स घ्या. त्यात नेमका कुठला बदल सापडला ते लिहिलेलं असतं, तेवढाच तपासला की झालं, अख्खं पॅनल (अनेक जीन्सची एकत्र टेस्ट) करायची गरज नाही, खर्चही कमी. बदलापुढे 'अनसर्टन' (घातक आहे की नाही हे नक्की नाही) लिहिलेलं असेल तर मात्र त्यावरून कोणाचीही टेस्ट करू नका. भाचीची आत्ता अजिबात नाही, ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल.

लाल_पेन: दादाला काय सांगायचं मग?

हळदीचा_चहा: आधी टेस्ट. पॉझिटिव्ह आली तर 35 नंतर छाती हाताने तपासायला शिकायचं, वर्षाला डॉक्टरकडून एकदा, आणि 40 पासून पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी). बाईला 25 पासून एमआरआय, 30 पासून मॅमोग्राफीही. ओव्हरीसाठी भरवशाचं स्क्रीनिंगच नाही, म्हणून बीआरसीए-2 ला मुलं झाल्यावर 40-45 च्या दरम्यान ओव्हरी आणि ट्यूब काढायचा सल्ला देतात. बाबांचं रात्री उठणं बहुतेक वयाचंच असेल, पण प्रोस्टेटचंही असू शकतं, म्हणून यूरॉलॉजिस्टला दाखवा, टेस्टची वाट बघू नका. परळला टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे, रिपोर्ट घेऊन जा.

चाळकरी_परळ: शब्द मागे घेतो. मलाही दोन मुली आहेत आणि माझी धाकटी बहीण... असो. उद्या फोन करतो तिला.

धागाकर्ती: खूप खूप आभार सगळ्यांचे. काल बाबांना 'तुम्हाला कॅन्सर होईल' हे बोललेच नाही. नुसतं म्हटलं, तुमची निगेटिव्ह आली तर छोटीला कधीच टेस्ट करावी लागणार नाही. दोन मिनिटं गप्प बसले, मग विचारलं, रक्त काढतात की थुंकी चालते? मी म्हटलं, विचारून सांगते. चालते का हो?

हळदीचा_चहा: बऱ्याच लॅबमध्ये चालते. पण आधी काउन्सेलिंग, आणि दादालाही त्याच दिवशी सोबत न्या.