'फौजी' म्हणून नोकरी नाकारली, तर दाद कुठे मागायची?

अपशिंगेकर:
माजी सैनिकांच्या आरक्षणावर हा धागा नाही. केंद्रात गट क मध्ये 10 टक्के, गट ड मध्ये 20 टक्के, महाराष्ट्रात 15 टक्के, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या जागांच्या बाहेर काय होतं, त्यावर बोलूया. जवान 35 ते 40 वयात घरी येतो. मुलं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. सरकारी जागा सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून तो खासगी कंपनीचं दार ठोठावतो. तिथे तोंडावर ऐकवतात, "फौजी माणसं तापट असतात", "पेन्शन आहे ना, मग एवढा पगार कशाला?" माझा थोरला भाऊ सिग्नल्समध्ये हवालदार होता. उभी नोकरी संदेशयंत्रणा दुरुस्त करण्यात गेली. मेंटेनन्सच्या जागेसाठी अर्ज केला, तर एका कारखान्याने विचारलं, "गेटवर सिक्युरिटीला उभे राहाल का?"

घटनेच्या कलम 15 मधल्या भेदभावबंदीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, सैनिकी सेवा नाही. शिवाय नोकरीच्या बाबतीत हे कलम सरकारला बांधतं, कारखानदाराला नाही. अमेरिकेत 1994 पासून 'युसेरा' कायदा आहे. पूर्वी लष्करात होता म्हणून कुणाला नोकरी किंवा बढती नाकारता येत नाही. नकारामागे लष्करी सेवा हेही एक कारण होतं एवढं उमेदवाराने दाखवायचं. ते नसतं तरी निर्णय हाच झाला असता, हे मालकाने सिद्ध करायचं. असा कायदा आपल्याकडे हवा.

भरतीवाला_पुणे:
दादा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण मी भरती विभागात काम करतो आणि या मागणीला माझा विरोध आहे. आमच्याकडे नकार येतो तो बहुतेक वेळा कागदावरून. 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला केंद्र सरकार गट क साठी पदवीधरासारखं धरतं. खासगी कंपनीचा फॉर्म ते धरत नाही. बी.ई. किंवा डिप्लोमा दिसला नाही की अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर, त्यात द्वेष नसतो. उद्या कायदा आला तर कंपन्या मुलाखतीलाच बोलावणार नाहीत, म्हणजे खटल्याची भीती नको. त्यापेक्षा सैन्यातल्या ट्रेडला आयटीआयची समकक्षता द्या आणि ती खासगी उद्योगाला मान्य करायला लावा. त्याने जास्त पोटं भरतील.

जात, लिंग माणूस निवडत नाही, सेवा निवडतो. दोन्ही एका पंक्तीत बसवणं मला पटत नाही.

अपशिंगेकर:
समकक्षता हवीच, त्यावर वाद नाही. पण "तापट असतात" हे कुठल्या फॉर्मच्या चाळणीतून येतं? निवडीचं म्हणाल, तर धर्मही बदलता येतो, तरी संरक्षण आहेच. आणि देशाने ज्या निवडीसाठी गावोगाव भरती मेळावे घेतले, त्या निवडीची किंमत एकट्या जवानाने का मोजावी?

सुभेदाराची_लेक:
तुम्ही दोघेही धडधाकट माणसाचं बोलताय. माझ्या बाबांचा उजवा पाय सेवेत गेला. 1995 च्या अपंग कायद्यात कलम 47 होतं, नोकरीत अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही. त्यातून लढाऊ जवानांना अधिसूचनेने वगळलं. 2016 चा नवा कायदा आला, कलम 20 मध्ये तीच हमी, आणि 2021 मध्ये पुन्हा तीच सूट. कारकुनाचा पाय गेला तर खुर्ची शाबूत, सैनिकाचा गेला तर घरी. लढाऊ तुकडीत धडधाकटच लागतात, हे समजू शकते. पण बदल्यात पर्यायी सरकारी पद हक्काने मिळालं पाहिजे, कृपेने नव्हे.

पेन्शनचंही तेच. आजार सेवेमुळे नाही असं सैन्याचं वैद्यकीय बोर्ड सरळ लिहून टाकतं. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे आला असंच मानायचं. त्यानंतरही जवानांना याच मुद्द्यावर सैन्य न्यायाधिकरणात जावं लागतंय. नवीन कायदा मागण्याआधी आहे त्यातली ही भोकं बुजवा.

वकील_कोल्हापूर:
ताईंशी सहमत, आणि थोडी भर घालतो. कलम 20 मधली भेदभावाची मनाई फक्त सरकारी आस्थापनांना आहे. खासगी कंपनीवर कलम 21 खाली समान संधी धोरण जाहीर करण्याचं बंधन आहे, पण त्यातून एका उमेदवाराच्या हाती भक्कम दावा येत नाही.

युसेराबद्दल सांगायचं तर तिथेही सगळं सहज मिळालं नाही. इराकमधल्या जळत्या कचऱ्याच्या धुराने फुप्फुसं गेलेले अमेरिकी सैनिक ले रॉय टोरेस टेक्सासच्या पोलीस खात्यात परतले आणि त्यांनी झेपेल असं वेगळं काम मागितलं. ते मिळालं नाही. राज्यावर असा दावा चालतो का, एवढंच ठरायला 2022 साल आणि सर्वोच्च न्यायालयाचा 5 विरुद्ध 4 निकाल लागला. ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला: समानता कायद्यात माजी सैनिक हा संरक्षित गट नाही, पण 2021 च्या कायद्याने घर, शिक्षण, आरोग्य बघणाऱ्या सार्वजनिक संस्थांना सैनिकांच्या अडचणींचा विचार करणं बंधनकारक केलं.

अपशिंगेकर:
वकीलसाहेब, टोरेस यांना निदान भांडायला कलम होतं. आमच्या माणसाला तेही नाही. अग्निवीरांचा विचार करा. ऐन विशीत बाहेर येणार, चारातले तिघे, आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. कायदा केलात तर व्याख्येत 'सेवा केलेला' असं लिहा, 'माजी सैनिक' एवढंच लिहिलंत तर ही पोरं बाहेरच राहतील.

भरतीवाला_पुणे:
अग्निवीरांचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. तरी सरसकट कायदा नकोच. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेने 1974 मध्ये आधी सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातलं होतं. तेवढ्यापुरतं आपल्याकडे करा. सरकारचा पैसा घेताय, तर सैनिकाला नाकारल्याचं लेखी कारण द्या. छोट्या वर्कशॉपवाल्याला यात ओढू नका.

सुभेदाराची_लेक:
लेखी कारण चालेल. पण ते तपासणार कोण? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला तक्रार ऐकून कंपनीला नोटीस काढायचा अधिकार द्यावा लागेल, नाहीतर बाबांसारखी माणसं कोर्टाची पायरी चढतच नाहीत.