जुन्या इंजिनाचा ब्रीदर: एकमार्गी व्हॉल्व्ह की नुसती मोठी नळी?

किकमास्तर
मोटरसायकलचं जुनं इंजिन ऑइल गाळायला लागलं की लोक पॅकिंग बदलतात, मग सील, मग सिलिकॉन थापतात. आतल्या हवेचा आणि ती बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरचा विचार कुणीच करत नाही. ५०० सीसीचं सिंगल (एकाच सिलिंडरचं इंजिन) घ्या. पिस्टन खाली येताना त्याच्याखालची अर्धा लिटर हवा जाणार कुठे? समजा पिस्टन वर असताना क्रँककेसमध्ये (पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पेटीत) दीड लिटर हवा आहे. वाट बंद असेल तर तीच एका लिटरात कोंबली जाते, दाब दीडपट होतो. मग मिळेल त्या फटीतून ती ऑइलसकट बाहेर पडते. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकलींच्या जुन्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरांच्या इंजिनात) तर दोन्ही पिस्टन बरोबरच खाली-वर होतात, म्हणजे ६५० सीसीचा पंपच. (१८० अंशांच्या ट्विनला हे दुखणं जवळपास नाही, तिथे एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो.)

उपाय एकच: रीड व्हॉल्व्ह (पातळ पाकळीचा एकमार्गी व्हॉल्व्ह), तोही क्रँककेसला अगदी लागून. हवा बाहेर जाईल, परत येणार नाही. पिस्टन खाली असताना एक लिटर हवा साध्या दाबाला उरली, तर पिस्टन वर गेल्यावर दाब दोन तृतीयांशावर येतो. ब्लो-बायमुळे (पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटणाऱ्या वायूमुळे) प्रत्यक्षात इतका उतरत नाही, पण सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. मग ऑइल बाहेर ढकलणार कोण? व्हॉल्व्हशिवाय जुनं सिंगल चालवणं हा माझ्या मते नुसता हट्ट आहे.

टॅपेट
मग तो हट्ट ट्रायम्फनेही केला. त्यांच्या ६५० ट्विनला आधी इनलेट कॅमशाफ्टच्या टोकाला फिरती चकती होती, ठरावीक वेळी उघडणारी. १९७० च्या मॉडेलपासून ती काढून टाकली. ड्राइव्ह बाजूच्या मेन बेअरिंगचं सील वगळलं, हवा बेअरिंगमधून प्रायमरी चेनकेसमध्ये (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्यात) सोडली आणि तिथून मागे जाडजूड नळी काढली. चेनकेसच्या पोकळीत हवेचा वेग मरतो, ऑइलचे थेंब खाली बसतात आणि भिंतीतल्या बारीक भोकांतून क्रँककेसमध्ये परततात. हवा आत-बाहेर होऊ दे की, वाट अरुंद नसली म्हणजे झालं. रीडची पाकळी चिकटली, किंवा कडक थंडीत नळीतली वाफ गोठली, तर काय करणार?

किकमास्तर
चकती कॅमच्या तालावर उघडते, रीड दाबाच्या फरकावर. चकती काढली म्हणून रीड चुकीचा कसा ठरला? आणि तुमच्या मोठ्या नळीतून दर फेऱ्याला दमट हवा आत जाते, त्याचं काय? रॉकर बॉक्सचं झाकण उघडून पाहा, पांढरट चिकटा सापडेल.

टॅपेट
तो चिकटा इंजिन नीट न तापवता बंद केल्याचा. ज्वलनातून रिंगांवाटे जे पाणी येतं, त्यापुढे नळीतली दमट हवा काहीच नाही.

चोकओढू
कारचा पीसीव्ही (क्रँककेसमधली हवा इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) लावलाय. स्वस्त आहे, टकटक ऐकू येते, म्हणजे चालतोय. एवढा वाद कशाला?

टॅपेट
टकटक आयडलला ऐकू येते हो! ६००० आरपीएमला त्याला सेकंदाला १०० वेळा उघडून मिटायचंय. तो बनलाय मॅनिफोल्डच्या ओढीवर हवेचं प्रमाण ठरवायला. त्याचा जड प्लंजर मागेच पडतो.

किकमास्तर
एवढ्यापुरते आम्ही दोघे एका बाजूला.

जुनाबोअर
तुम्ही दोघे ब्रीदरवर भांडताय, आणि गाडीच्या रिंगा गेलेल्या असतात. शिवाय ड्राय सम्प इंजिनाची (ज्याचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं) गंमत वेगळीच. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये भरतं. किक मारली की ब्रीदरमधून धार, आणि दोष ब्रीदरला! उभ्या गाडीचा क्रँककेसचा ड्रेन प्लग आधी उघडा, वाटीभरापेक्षा जास्त निघालं तर पंप आणि त्याचा चेक व्हॉल्व्ह बघा. मग लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते मोजणं). एवढं झाल्यावर व्हॉल्व्ह की नळी ते बोलू.

किकमास्तर
मान्य, पण चांगल्या रिंगांनीही थोडा ब्लो-बाय होतोच, आणि पिस्टनखालची हवा तर रिंगा कितीही नव्या असल्या तरी हलणारच. टॅपेट, गेज लावून दाखवा, मग मानतो.

टॅपेट
लावा, पण नळीत बारीक भोकाचा अडथळा घाला, नाहीतर सुई नुसती थरथरते. आणि दाब फार उतरला तर खूश होऊ नका. ड्राइव्ह बाजूचं सील असलेल्या इंजिनात त्या सीलचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टवर बसतो. आत ओढ लागली की तो सैल पडतो. सील झिजलेलं असेल तर प्रायमरीतलं ऑइल क्रँककेसमध्ये खेचलं जातं. बाहेर थेंब नाही म्हणून मालक निश्चिंत, आणि प्रायमरी चेन कोरडी.

किकमास्तर
सील झिजलेलं असेल तर ते बदला. त्यात व्हॉल्व्हचा काय दोष?

चोकओढू
बरं, पीसीव्ही काढतो. नळी किती जाड घेऊ?

जुनाबोअर
क्रँककेसच्या तोंडापेक्षा कुठेही बारीक नको, जोडाच्या निपलमध्येसुद्धा नाही. आधी वर चढवा, म्हणजे थेंब परत आत ओघळतील. आणि सीटखाली दबत नाही ना, ते हात घालून बघा.